हलवून पाहू नये

मोर्शी,
२१ ऑगस्ट १९६०

ती. दादा यांस,

सविनय जय भीम. वहिनीला माझा जय भीम सांगा आणि धाकट्या गौतमचा पापा घ्या. इकडे मी आणि विशाखा खुशाल आहोत. पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून रागावू नका. वर्गात पोरं वाढली आणि मास्तर तेवढेच राहिले. आज रविवार, उद्या पोळा, म्हणून जरा टेकायला सापडलं.

तुमची पोरगी रमली आहे. आल्या आल्या रोज संध्याकाळी दारात उभी राहून रस्त्याकडे बघायची. आता ते कमी झालं. केसांतल्या उवा मी निपटून काढल्या, त्यासाठी दोघींचं बरंच भांडण झालं. भाकरी पोटभर खाते. अंबाडीची भाजी मात्र ताटाच्या कडेला सरकवते, हे वहिनीच्या लाडाचं फळ आहे. नाव बदलून चार वर्षं होत आली तरी वहिनी तिला भागीरथाच म्हणते, असं तिनेच मला सांगितलं. शाळेत मी 'विशाखा' म्हणून हाक मारली की ती आधी मागे वळून बघते, कोणाला बोलावलं म्हणून.

तुम्ही विचारलंत, 'वाचते का, की तिथेही तोच हट्ट?' तुमचा प्रश्न माझ्या ध्यानात आहे. अमरावतीच्या मोटार स्टँडवर तिला माझ्या हवाली करताना तुम्ही जे बोललात, तेही ध्यानात आहे. घरी घडाघडा पेपर वाचणारी पोरगी चौथीच्या परीक्षेत पाहुण्या मास्तरांपुढे तोंड उघडत नाही, याचा अर्थ तिला शिकायचंच नाही. दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर दिवाळीनंतर सरकी काढायचे जीन सुरू होतील, मग आईबरोबर कापूस निवडायला जाईल. एवढं बोलून तुम्ही पाठ फिरवलीत. मोटार सुटली तरी मागे वळून पाहिलं नाहीत. पोरीनं ते पाहिलं.

वाचनाचं सावकाश लिहीन. सध्या आम्ही खेळतो. शाळा सुटल्यावर माझ्या ओसरीवर आसपासच्या पोरी जमतात. मी जुन्या दिनदर्शिकांचे पुठ्ठे कापून त्यांवर अक्षरं काढली आणि पत्त्यांसारखा डाव मांडला. ज्याला शब्द जुळेल, त्यानं डाव उचलायचा. आमचे हेडमास्तर रामराव गुरुजी रस्त्यानं जात होते, ते थबकले. म्हणाले, "बाई, तुमी पोरींले पत्ते शिकवून राहिल्या?" मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही बसा, तुम्हालाही एक हात वाटते. ते बसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शाळेतले कोरे पुठ्ठे त्यांनीच पाठवून दिले.

अंगणात लंगडीची घरं आखून त्यांतही अक्षरं काढली. मी शब्द सांगायचा, आणि पोरीनं त्या त्या घरांत उड्या मारायच्या. विशाखा दोन्ही खेळांत पहिली येते. दुसऱ्या पोरी तिला घ्यायला कंटाळल्या इतकी ती जिंकते. डोकं तल्लख आहे, दादा, यात तिळमात्र शंका नको.

आता दोन गोष्टी मागते, कारण विचारू नका. एक म्हणजे, तिच्यासाठी पेपरची कात्रणं पाठवू नका. दुसरी, तुम्ही कामावरून आल्यावर अजूनही ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला पेपर वाचून दाखवता ना? ती रोज तिथे बसायची का? आणि दुसऱ्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांपुढे वाचायची, तो पेपर आदल्या दिवशीचाच असायचा का?

सहज विचारते आहे. सवडीनं कळवा.

विशाखाचा तुम्हां दोघांना नमस्कार. तिनंच लिहावा असं तुमचं म्हणणं होतं, पण आज ती पोळ्यासाठी मातीचे बैल करण्यात गुंतली आहे आणि हात चिखलाचे आहेत.

तुमची धाकटी बहीण,
ललिता


मोर्शी,
९ ऑक्टोबर १९६०

ती. दादा यांस,

सविनय जय भीम.

पत्र मिळालं. 'आपण देव घराबाहेर काढले आणि माझी मुलगी लोकांच्या अंगणात भुलाबाई खेळते' या वाक्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत. एक मारली असती तरी मला कळलं असतं. बुधाजीमामाला दिवाळीच्या आधी पाठवतो, विशाखाला ट्रंकेसकट पाठवून दे, असं खाली लिहिलंत. ट्रंकेसकट या शब्दाचा अर्थही मला कळला.

आता माझं ऐका. इथला शेतकरी जानराव अकोल्याला कापसाचा भाव काढायला आला आणि त्यानं तुम्हाला सांगितलं. त्यानं पाहिलं ते खोटं नाही, पण त्यानं कुंपणाच्या पलीकडून अर्धंच पाहिलं.

माझ्या खोलीला लागून लीलाबाईचं अंगण आहे. शेतकरी घर आहे, संत्र्याची बाग आहे, घरात पोरीबाळी आहेत. त्यांच्याकडे कोजागरीपर्यंत मातीची भुलाबाई बसली होती. संध्याकाळी गाणी झाली की खिरापतीचा झाकलेला डबा मधे येतो आणि पोरींनी आत काय ते ओळखायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमची पोरगी कुंपणाशी उभी. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि मीही पाठवलं नव्हतं. आतल्या पोरी गोड का तिखट, भाजलेलं का तळलेलं, असं विचारत बसल्या होत्या. जिच्या हातात डबा होता तिनं तो एकदा हलवला आणि आमची बाहेरून म्हणाली, "फुटाने अन् गूळ." झाकण काढलं तर तेच. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे ओळखले, तिसऱ्या दिवशी मुरमुरे. पोरी चिडल्या. लीलाबाईला मात्र कौतुक वाटलं. तिनं विशाखाला जवळ बोलावलं आणि मूठभर मुरमुरे तिच्या ओंजळीत टाकले. वरून.

पोरगी मूठ मिटून घरी आली. माझ्यापुढे उघडली आणि म्हणाली, "आत्या, तिनं वरून टाकलं. खाऊ का?"

मला तिथंच भडभडून आलं. पण तिच्यापुढे रडायची सोय नव्हती. मी म्हटलं, कोंबड्यांना घाल आणि हात धू. आपला डबा आपण करू.

दादा, तुम्हाला वाटलं मी हा खेळ त्यांच्या अंगणातून आणला. आपल्या गावी पाटलांच्या वाड्यामागे कडूनिंबाखाली आपण दोघं असेच उभे होतो ते आठवा. तुमच्याही ओंजळीत एकदा असंच वरून पडलं होतं. तुम्ही ते तिथेच सोडलंत आणि माझा हात धरून मला घरी आणलंत. मी मला खिरापत पाहिजे म्हणून भोकाड पसरलं होतं. तुम्ही आईचा तंबाखूचा रिकामा डबा घासलात, त्यात फुटाणे घातलेत आणि माझ्यापुढे हलवून म्हणालात, "ओळख, लले." मग रोज संध्याकाळी तेच. रोज आत फुटाणेच असायचे, कारण घरात दुसरं काही नसायचंच. तरी तुम्ही रोज तितक्याच गंभीरपणे विचारायचात आणि मी रोज आधी लाडू म्हणायची, मग करंजी, मग फुटाणे. तिथे भुलाबाई नव्हती, गाणं नव्हतं. तुम्ही होतात, मी होते आणि डबा होता. मी तोच खेळ खेळले. तो तुमचा आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते. ऑगस्टपासून टाळत आले.

विशाखाला वाचता येत नव्हतं. थोडं नाही, अजिबात नाही. ती जूनमध्ये आली, त्याच आठवड्यात तुमचं कार्ड आलं. मी तिच्या हातात दिलं, वाच म्हटलं, बाबांनी काय लिहिलं आहे. तिनं कार्ड समोर धरलं आणि न अडखळता वाचलं. इकडे सर्व खुशाल आहे, जिनात काम बरं चाललं आहे, मजुरांची सभा झाली, सरकारनं विचार करायला पाहिजे. आवाज तुमचाच, दादा. 'विचार करायला पाहिजे' म्हणताना तुम्ही जशी मान हलवता तशी तिनेही हलवली. कार्डात तुम्ही एवढंच लिहिलं होतं की ट्रंकेची किल्ली वहिनीच्या कनवटीला राहिली, कुलूप तोडून घे.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला कळलं की मला कळलं. मग म्हणाली, "बाबा वाचते तं माह्या ध्यानात राह्यते. मंग मी पेपर धरतो अन् म्हन्तो. बाबाले लय चांगलं वाटते." आणि थोड्या वेळानं, "आत्या, बाबाले सांगू नको."

म्हणून नाही सांगितलं. हट्ट नव्हता तो. परीक्षेला आलेल्या पाहुण्या मास्तरांनी तिच्यापुढे कधीच न ऐकलेला धडा ठेवला. ती गप्प बसली, कारण तो तिला कोणी वाचून दाखवला नव्हता. बाकी तीन वर्षं ती कानांवर पास झाली.

हे लिहायला माझा हात धजत नव्हता, त्याचं कारण तुम्हाला आता उमगलं असेल. मला अक्षरं तुम्ही शिकवलीत, घराच्या भिंतीवर कोळशानं. आख्खी गल्ली तुमच्या तोंडून जग ऐकते. शालिकरामसारखा माणूस, ज्याला सही करता येत नाही, तो तुमच्यामुळे संसदेत काय चाललं ते सांगतो. आणि त्याच ओट्यावर, तुमच्या मांडीला लागून बसलेल्या पोरीला वाचायची गरजच पडली नाही. तुम्ही इतकं छान वाचता, दादा. ती एखाद्या अक्षरापाशी अडली की तुम्ही शब्द पुरवता. तुम्ही सगळ्यांनाच पुरवता. वहिनी बोलता बोलता थांबली तर तिचं वाक्यसुद्धा तुम्ही पुरं करता. प्रेमानं करता, हे मी जाणते. तुमचा दोष म्हणून मी हे लिहीत नाही. दुसरं कोणी तुम्हाला लिहिणार नाही, म्हणून लिहिते.

मी ही पोरगी जिंकते म्हणून तुम्हाला लिहिलं होतं. ती कशी जिंकायची ते लिहिलं नव्हतं. पुठ्ठ्यांच्या पाठीवरचे डाग, दुमडलेले कोपरे, दिनदर्शिकेतल्या चित्राचे तुकडे यांवरून कोणता पुठ्ठा कोणत्या अक्षराचा ते तिनं ऐकून ध्यानात ठेवलं होतं. अक्षराकडे बघतच नव्हती. नवे पुठ्ठे आले तर त्यांच्याही खुणा तिनं शोधल्या. लंगडीची घरं तर तिनं पहिल्याच दिवशी पाठ केली. मी रात्रंदिवस नवी युक्ती काढावी आणि हिनं ती चुटकीसरशी मोडावी, असं चाललं होतं. मला तिचा राग यायचा आणि हसूही यायचं. या पोरीला वाचायला लावायचं तर पाठ करता येणार नाही असं काहीतरी रोज नवं पाहिजे, एवढं मला कळलं होतं. पण काय, ते सुचत नव्हतं. ते मुरमुरे हातात घेऊन ती आली तेव्हा सुचलं.

आमचा डबा ओसरीच्या मधोमध ठेवलेला असतो. झाकणावर मी कागद चिकटवला आहे, 'हलवून पाहू नये.' ते तिचे कान बंद करायला. डब्याखाली चिठ्ठी. चिठ्ठीत आत काय आहे त्याच्या खुणा. जिनं वाचायचं तिनंच ओळखायचं, दुसरीनं बोलायचं नाही. पहिले काही दिवस एकेक शब्द लिहिला. 'गोल.' 'लाल.' 'आंबट.' विशाखा डब्याकडे बघायची, माझ्या तोंडाकडे बघायची, बाहेर बघायची. मी भिंतीसारखी बसून राहिले. सुकी बोरं होती आत, तिला अतिशय आवडतात ती. शेवटी नाइलाजानं तिनं चिठ्ठीकडे पाहिलं. सुटी अक्षरं तिला वर्गात दिसलेली होती, ती जोडायची वेळ कधी आली नव्हती.

'लाल' हा शब्द तिनं वाचला तेव्हा तिला आधी खरंच वाटलं नाही. "आत्या, हे लालच हाये का?" मी म्हटलं, तू सांग. तिनं पुन्हा बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "लालच हाये."

मग आम्ही नियम केला, जी ओळखेल तिनं दुसऱ्या दिवशी डबा भरायचा आणि चिठ्ठीही तिनेच लिहायची. इथे मला काहीच करावं लागलं नाही. चिठ्ठी चुकीची लिहिली की कोणाला काही ओळखू येत नाही आणि सगळ्या तिच्यावर तुटून पडतात. विशाखानं एकदा अशी चिठ्ठी लिहिली की पोरी खूप वेळ डोकं खाजवत बसल्या. तिला इतकी लाज वाटली की तिनं ती परत घेतली आणि कोपऱ्यात बसून माझ्या जुन्या चिठ्ठ्यांशी ताडून नीट लिहून आणली. शाळेत पन्नास वेळा लिहायला लावून जे झालं नसतं, ते तिथे झालं.

लीलाबाईची दुर्गा रोज कुंपण ओलांडून येते. आमच्या डब्यातलं आमच्यातच बसून खाते. लीलाबाईनं काही दिवस ते पाहिलं. कोजागरीच्या आदल्या दिवशी ती राजगिऱ्याचे लाडू घेऊन ओसरीपर्यंत आली. "बाई, आज आमचं ठेवा डब्यात," म्हणाली. आणि लाडू विशाखाच्या हातात ठेवले. हातावर हात टेकून. जानरावानं हे पाहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

आता शुक्रवारचं सांगते. रामराव गुरुजींनी तिला बोलावलं. चौथीला बसवायचं की तिसरीत मागे घ्यायचं हे त्यांना ठरवायचं होतं. गुरुजी फणसासारखे आहेत, पण कामाच्या बाबतीत कोणाची भीड धरत नाहीत. पुस्तकातला धडा देऊ नका, तो तिनं वर्गात ऐकला असेल, असं मीच त्यांना सांगितलं. त्यांनी टेबलावरचं एक पत्रक उचललं, त्याच दिवशी टपालानं आलेलं, विहिरीत औषध टाकण्याबद्दलचं. इतकं रुक्ष की मोठ्या माणसालाही झोप यावी.

ती उभी राहिली. पहिल्याच शब्दाला अडली. 'विहिरी' म्हणून थांबली. मग 'विहिरीतील.' मग 'पाणी.' मग पुन्हा अडली. घाम आला होता तिला. पुढचा शब्द 'पिण्यापूर्वी' होता. तो तिनं तीनदा धरला आणि सोडला. माझ्या जिभेवर आला होता तो, दादा. मी पदराचा बोळा तोंडाशी धरला. चौथ्यांदा तिनं तो पुरा केला आणि ओळ संपवली.

गुरुजी म्हणाले, "बाई, हे तं लय अडखळते."

मी म्हटलं, "हो गुरुजी, अडखळते." आणि मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुरुजींना वाटलं मला वेड लागलं. आजवर ही पोरगी कधी अडखळली नव्हती, दादा. घडाघडा म्हणायची. अडखळली म्हणजे ती प्रत्येक शब्दापाशी स्वतः गेली. हे गुरुजींना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चौथीतच राहू द्या. सुधरते."

चार महिने छातीवर धोंडा घेऊन होते, तो त्या दिवशी उतरला. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

बुधाजीमामाबरोबर तिला पाठवते. ट्रंकेसकट पाठवते, तुमची आज्ञा मोडत नाही. मला दिवाळीत जनगणनेसाठी घरांवर नंबर टाकायचं काम लागलं आहे, म्हणून येत नाही. हे कारण खरं आहे. पण सुटी असती तरी आले नसते, कारण तुमचा चेहरा बघायची मला हिंमत नाही.

एकच मागणं आहे. ती आली की एक दिवस त्या दिवसाचा पेपर घ्या. आधी मोठ्यानं वाचू नका. तिच्या हातात द्या. कुठलीही एक बातमी. ती अडेल, लाल होईल, तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा शब्द पुरवू नका, दादा. तुम्हाला फार कठीण जाईल ते मला माहीत आहे. सुपारी तोंडात धरा, वाटल्यास. पण थांबा. मग ट्रंकेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी एका शब्दानं विचारणार नाही.

वहिनीला हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा मधलं गाळू नका.

तुमच्या कोळशाच्या अक्षरांवर वाढलेली,
ललिता


मोर्शी,
६ नोव्हेंबर १९६०

ती. दादा यांस,

सविनय जय भीम. वहिनीला जय भीम आणि गौतमला आशीर्वाद.

बुधाजीमामा काल दुपारच्या मोटारीनं आले. मी स्टँडच्या फाटकापाशी उभी होते. आधी मामा उतरले, मग टपावरून कोणाचं तरी पोतं, कोणाच्या तरी कोंबड्या, मग ट्रंक. ट्रंक दिसली आणि मी तिथल्या तिथे खाली बसले. मामांना वाटलं मला भोवळ आली. पाणी आणायला धावले बिचारे.

तुमचं कार्ड विशाखानंच माझ्या हातात दिलं. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसं कार्ड. 'पोरगी पोचली असेल. मी मधे बोललो नाही. मोतीराम.' मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तुम्ही हसाल.

बाकीचं मला तिच्याकडून काढून घ्यावं लागलं. चुलीपाशी बसवलं आणि गरम भाकरी वाढत वाढत विचारलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी म्हणे तुम्ही पेपराची घडीच मोडली नाही. सगळे जमले होते. तुम्ही घडी तशीच तिच्या मांडीवर ठेवलीत. ती घाबरली. "आत्या, मले वाटलं बाबा रागात हायेत. ओठ दाबून बसले होते." मी म्हटलं, मग? "मंग मी वाचाले लागली. कापसाच्या भावाची बातमी होती. एका शब्दापाशी लयच थांबली. कोनीच बोलेना. शालिकरामकाकाले राहवलं नाही, ते म्हने, अरे, मोतीराम, सांग ना तिले. तं बाबा म्हने..."

इथे ती थांबली आणि भाकरीचा तुकडा मोडत बसली. मी विचारलं नाही. तुमच्यासारखीच गप्प राहिले.

"बाबा म्हने, गप राह्य. तिचा शब्द हाये तो."

दादा, मी चूल फुंकायला तोंड फिरवलं. चूल चांगली पेटलेली होती.

तिला तो शब्द सापडला, हेही तिनं सांगितलं. 'घसरण' होता. शालिकरामकाकांना मग सगळ्यात आधी भाव किती घसरला याची काळजी पडली. पोरीनं काय केलं याच्याकडे कोणी फार बघितलं नाही, बातमीच ऐकत राहिले. तिला हे सगळ्यात जास्त आवडलेलं दिसलं. वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती आणि नंतर तिला जवळ घेऊन 'विशाखा' म्हणाली. वहिनीच्या तोंडून पहिल्यांदा ते नाव ऐकलं, असं पोरगी म्हणते. मला हेही बरं वाटलं.

मी तुम्हाला जे लिहिलं त्यानं तुम्हाला किती लागलं असेल ते मी जाणते. लागलं असताना तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत, पत्र फाडलं नाहीत, वहिनीला वाचून दाखवताना काही गाळलंही नाहीत. पोरीनं हेही सांगितलं. "बाबा आत्याचं पत्र वाचताना मधामधात थांबत होते," म्हणाली. तुम्हाला मी कधी अडखळताना ऐकलं नाही. ते ऐकायला मी तिथे असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

रोजचं वाचन मात्र बंद करू नका. गल्लीनं काय करावं मग? फक्त एखादी बातमी मधेच सोडत जा आणि कोणाच्या तरी पोराच्या हातात पेपर द्या. शालिकरामच्या हातात दिलात तरी चालेल. त्यांना म्हणावं, हलवून पाहू नये.

इकडे सर्व ठीक. बागांत संत्री पिवळी व्हायला लागली आहेत. लीलाबाईनं टोपलीभर देऊ केली आहेत, बुधाजीमामा परत निघतील तेव्हा पाठवते. टोपलीच्या तळाशी एक चपटा डबा असेल, तो वेगळा काढून ठेवा. आत काय आहे ते मला माहीत नाही. विशाखानं भरला आहे आणि चिठ्ठीही तिचीच आहे. मला दाखवली नाही. ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, असा तिचा तुम्हाला निरोप आहे, आणि तुम्ही कबूल केल्याशिवाय डबा मामांच्या हाती द्यायलाही ती तयार नव्हती. तुमच्या वतीनं मी कबूल करून टाकलं.

हे पत्र मात्र मामांबरोबर देत नाही, मुद्दाम टपालानं धाडते. पाकिटावरचा पत्ता तिनं लिहिला आहे. मी शेजारी बसले होते, पण मान दुसरीकडे वळवून. तुमचं नाव, गल्ली, जिनाचं नाव, मुक्काम अकोला, सगळं तिचं. मी तपासलेलं नाही आणि तपासणारही नाही. तेव्हा हे पत्र तुमच्या हातात पडलं असेल, तर ते तिच्या अक्षरांच्या जोरावर पोचलं आहे.

तुमची,
आता निश्चिंत झालेली,
ललिता